तेक्लाचं तण

यामंगाई, १४ फेब्रुवारी १९८३

तेक्ला,

नऊ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा कुशल विचारत बसत नाही, सरळ कामाचं लिहिते. तुझं पोतं मिळालं. आल्फोन्स मास्तरांनी चर्चच्या मोटरहोडीतून नदीपर्यंत आणलं आणि तिथून पुढे नवऱ्यानं, लीनुसनं, पाठीवर घेतलं, कारण आमच्या तळ्यात मोटर चालत नाही. तण पात्यात अडकतं आणि मोटर बंद पडते.

पोतं सोडलं तर आत काय? तण! इथे या काठापासून त्या काठापर्यंत तणाशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि तू अंगोरामहून ओलं पोतं भरून तणच पाठवतेस. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी ते काठावर ओतून देणार होते, तेवढ्यात लीनुसनं तुझी चिठ्ठी वाचली. या तणात किडे आहेत, ते हेच तण खातात, आपण ज्याच्या गाभ्याचं पीठ खातो त्या साबूच्या झाडाला की अळूला तोंड लावत नाहीत. मग काय, सगळा गाव आमच्या घराखाली, खांबांमध्ये, गोळा झाला. ब्लांदिनानं एक किडा नखावर घेतला आणि डोळे बारीक करून म्हणाली, "अगं बया, एवढंसं? हे तर उवेच्या मापाचं. हे तळं खाणार? याला एक पान खाता खाता नातवंडं होतील."

"होऊ देत की," मामा म्हणाला, "नातवंडंच तर पाहिजेत."

सगळे हसले. मग सुरू झालं, तेक्लानं केलं, तेक्लाच्या डोक्यातून आलं, आमची तेक्ला. आमची म्हणे! नऊ वर्षं तुझं नाव या गावात फक्त शिवी द्यायला निघत होतं. तेक्ला शाळेतून सुट्टीला आली आणि होडीतून तण घेऊन आली, असं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. तणाला दुसरं नावच नव्हतं, तेक्लाचं तण. तुला काठीनं बडवून नदीपर्यंत पोचवणाऱ्या बाया आज तुझ्या किड्यांना हात जोडतात.

पुरुषांच्या घरात बसून म्हाताऱ्यांनी काय ठरवलंय ते तुला कळलं असेलच. पुढच्या पुरापर्यंत पाणी मोकळं झालं नाही तर गाव उठवायचं आणि वेवाकच्या रस्त्याकडेला जाऊन राहायचं. मी मासे धरणारी बाई, रस्त्यावर काय धरू, कुत्री? पूर्वी साबूवाल्या बायकांच्या बाजाराला आपण गप्पा मारता मारता पोचायचो. आता पहाटे निघालं तर दुपार होते, तोवर मासे वास मारतात, मग त्या नाकं मुरडतात आणि एका टोपलीला अर्धी टोपली साबू देतात. पण मामा म्हणतो, मी उठणार नाही, आईची कबर इथे आहे. आणि म्हणतो, "तण जाईपर्यंत गावात पाऊल टाकू नकोस असं तेक्लाला मीच म्हणालो होतो. तण जाईल त्या दिवशी मीच तिला आणीन, आणि तिच्यासाठी घागरा नेसून गावभर लोळेन."

तुझ्यासाठी तो एकदा लोळलाच आहे. आठ वर्षांची असताना तू पहिल्यांदा तीन मासे धरलेस. भाचीनं काहीही पहिल्यांदा केलं की मामानं बाईचा घागरा नेसून चिखलात लोळायचं, आणि घागरा जितका घाणेरडा तितका भाचीचा मान मोठा. तुझ्यासाठी त्यानं आजीचा काढला होता, भोकं पडलेला, काजळीनं काळा झालेला. माझ्या पहिल्या माशाच्या वेळी मामा नारळाच्या मळ्यात कामाला होता. परत आल्यावर मला म्हणाला, "पुढच्या पहिल्या कामाला करू." ते पुढचं पहिलं काम अजून यायचंय. मी अडतीस वर्षांची झाले.

पोतं मिळाल्याचं कळवायला लिहिलं. कळवलं.

आपोलोनिया

•

२० मार्च १९८३

तेक्ला,

तुझं पत्र आलं. हो, कुंपण घातलं. बांबूचं, घराएवढं, तळ्याच्या आपल्या कोपऱ्यात, आणि तुझं तण त्यात सोडलं. हो, तू पिशवीत शिवून धाडलेलं पांढरं खतही टाकते, दर रविवारी प्रार्थनेहून आले की मूठभर. तू सांगितलंस तसंच. तीन तीन वेळा काय विचारतेस, मी काय खोटं बोलते?

तुझं म्हणणं मी लीनुसला वाचून दाखवलं. इथलं पाणी पातळ, त्यातलं तण उपाशी, उपाशी तणात किड्यांच्या पिल्लांना कस मिळत नाही आणि ती मरतात. म्हणून आधी तणाला युरिया खाऊ घालायचा, ते धष्टपुष्ट झालं की किडे त्याचा फडशा पाडतात. लीनुस हसून हसून शिडीवरून पडायचा राहिला. "शत्रूला जेवायला वाढा, म्हणजे तो मरतो! हे शिकायला तुझी बहीण एवढी वर्षं बाहेर राहिली?" मी त्याला गप्प केलं. पण मलाही तसंच वाटतं. ज्या तणानं माझ्या हाताला घट्टे पाडले, त्याला मी माझ्या हातानं भरवायचं, आणि ते मेलं की नाव तुझं.

आणि फोटो पाठवायची काय गरज होती? पांढरा डगला, हातात काचेची बरणी, मागे भिंतीला पंखा. ब्लांदिना विचारते, पंखा तेक्लाचा स्वतःचा का गं? मला काय ठाऊक! मामानं तो फोटो पुरुषांच्या घरात मधल्या खांबाला लावलाय. तिथे बाईनं पाय ठेवायचा नाही, हे तू विसरली नसशील. म्हणजे तू बाई असून आत, पूर्वजांच्या मुखवट्यांशेजारी, आणि त्या घराची गळती बंद करायला पानं शिवून देणारी मी बाहेर. मामा रोज संध्याकाळी फोटोशी बोलतो, असं पोरं सांगतात. माझ्याशी बोलतो ते मिठाबद्दल.

एक सहज विचारते. त्या डिसेंबरात अंगोरामहून आपण आलो, तेव्हा होडीत कोण कोण होतं, तुला आठवतं का? म्हातारा होडीवाला तर वारला. सहज विचारलं, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आपोलोनिया

•

५ जून १९८३

तेक्ला,

तुझे किडे मेले. कुंपणातलं तण उचलून उचलून पाहिलं, एखाददुसरा सापडतो, तोही मरगळलेला. तण मात्र मजेत आहे, पिवळट, रोडकं, पण मजेत.

गावात पुन्हा जुनं गाणं सुरू झालं. ब्लांदिना चारचौघांत म्हणाली, "एकदा तण आणून फसवलं, आता किडे धाडून फसवलं. शिकलेल्या बाईचा काय भरवसा!" मी तिथेच जाळं विणत बसले होते. विणतच राहिले. खरं सांगू? मला बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. त्या दिवशी मी साबूच्या दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मामानं तुझा फोटो काही काढला नाही, एवढंच खुपलं.

हे पत्र मी इथेच संपवणार होते. पण गुरुवारी जे झालं ते सांगायला हवं.

मामाला चार दिवस ताप होता. गुरुवारी त्याला ओळख पटेना, म्हणून मी आणि लीनुसनं त्याला होडीत आडवा घातला आणि नदीकाठच्या दवाखान्याकडे निघालो. तळ्याच्या मध्यावर होडी अडकली. पुढचं तण हातानं उपसलं की मागून दुसरं येऊन बसायचं. लीनुस पाण्यात उतरला, गळ्यापर्यंत तणात, खांद्यानं होडी ढकलत होता. ऊन डोक्यावर आलं. मामाचे ओठ फुटले. मी त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होते आणि तो डोळे मिटून म्हणाला, "तेक्ला, आणखी दे गं, पोरी."

वल्हं मी मारतेय, पाणी मी पाजतेय, आणि नाव तुझं! एवढा संताप आला की क्षणभर वाटलं, तसंच टाकावं याला. असं वाटलं मला, लिहूनच टाकते. मग मी तणाचं एक पान उपटून पाण्यात दाबून धरलं. हात सोडला की वर यायचं, आणि बघावं तर पानावरच्या केसांवर पाण्याचा टिपूस नाही, कोरडं ठाक. परत दाबलं, परत तसंच. मी किती वेळ ते करत होते, मला ठाऊक नाही. लीनुस ओरडला तेव्हा भानावर आले.

मामा वाचला. दवाखान्यातली बाई म्हणाली, आणखी तासभर उशीर झाला असता तर परत नेऊन पुरावाच लागला असता.

आता ऐक. युरियाची पिशवी आमच्या घराच्या तुळईला टांगलेली आहे. तू शिवलीस तशीच आहे, टाकासुद्धा उसवला नाही. एकाही रविवारी मी मूठ टाकली नाही. तुझे किडे उपाशी मेले. का टाकलं नाही, ते तुला कळेल. कळत नसेल तर शाळा फुकट गेली.

आणखी एक पोतं पाठव. मामाला सांगू नकोस.

आपोलोनिया

•

२ सप्टेंबर १९८३

तेक्ला,

दुसरं पोतं जुलैत मिळालं. तुझ्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. "ताई, खाऊ घाल. हात आखडू नकोस." तू चार शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

हात आखडला नाही. रविवारी कुंपणात मूठभर, पाणी ओसरलं तेव्हा आल्फोन्स मास्तरांना विचारून आणखी अर्धी मूठ. तीन आठवड्यांत कुंपणातलं तण असं गडद हिरवं झालं, पानं अशी जाड, की बघायला पोरं यायची. बाया होड्या थांबवून हसायच्या. "आपोलोनियानं तणाची बाग लावली! आता तणाची भाजी करून लीनुसला घालते की काय?" मी म्हणायचे, घालीन, तुमच्या नवऱ्यांनाही घालीन, पंगतीला पाठवा.

मग एके दिवशी कोंब काळे दिसले. मधला कोवळा कोंब मोडून पाहिला तर आत किडा. दुसरा मोडला, आत दोन. दांड्यात पांढरी अळी, नखाच्या टोकाएवढी. आठवड्यानं कुंपणाचा एक कोपरा तपकिरी झाला, ओल्या गवतासारखा वास यायला लागला आणि त्या कोपऱ्यातलं तण खाली बसलं. तेक्ला, तिथे पाणी दिसलं. घमेल्याएवढं, पण पाणी. मी त्यात माझं तोंड पाहिलं. म्हातारी झालेय मी.

आता माझे किडे कोण नेतं यावर माझी नजर असते. हो, माझे. ब्लांदिना टोपली घेऊन आली, म्हणाली पलीकडच्या काठाला सोडू या. "एवढ्यात नाही," मी म्हटलं, "अजून बाळसं धरायचंय त्यांना."

"बाळसं? तूच जन्म दिलास का त्यांना?"

"तुझ्या पोरांपेक्षा गुणी आहेत. सांगितलेलं खातात."

ती चिडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणातलं टोपलीभर तण गायब! मी वल्हं घेऊन तिच्या घराखाली जाऊन उभी राहिले. बरंच भांडण झालं, जुनं सगळं निघालं. शेवटी मामा काठी टेकत आला आणि म्हणाला, "पोरी, किडे वाटायलाच आहेत. एकटीनं ठेवून तू काय करणार?" मला लाज वाटली. त्या दिवसापासून प्रत्येक घराला टोपलीभर देते. नदीच्या खालच्या अंगाच्या गावाच्या बाया आल्या, त्यांनाही दिलं. देताना पोटात दुखतं, पण देते.

युरिया संपत आला. आणखी पाठव.

आपोलोनिया

•

२२ जानेवारी १९८४

तेक्ला,

पाणी मोकळं झालं.

नोव्हेंबरात सगळं तळं तपकिरी झालं. डिसेंबरात ते सडलं, इतकी घाण सुटली की पाहुणे जेवायला थांबेनात. मग पूर आला, कुजकं सगळं तळाशी बसलं नाहीतर नदीत वाहून गेलं. कडेकडेनं अजून थोडं हिरवं आहे, त्यावर किडे आहेत, त्यांचंही पोट आहे. पण मी बाजाराला तासाभरात पोचले. साबूवाल्या म्हातारीनं माझा मासा उचलून वास घेतला आणि म्हणाली, "हा जिवंत आहे की काय गं?" आणि टोपली काठोकाठ भरून साबू दिला. गाव कुठे जात नाही आता. वेवाकच्या रस्त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

मामाला म्हटलं, आता तेक्लाला आण आणि तुझा घागरा काढ. तर तो म्हणाला, "तेक्लाचं करीनच. पण किडे तिनं धाडले, वाढवले कुणी? या पाण्यावर तण वाढवून तण मारणारी पहिली बाई कोण? माझ्यावर तुझं एक देणं राहिलंय, आपोलोनिया. येत्या रविवारी."

ज्याच्यासाठी आयुष्यभर जळले ते समोरून चालत आलं, आणि मी चार दिवस चटईवरून उठले नाही. लीनुसला वाटलं, ताप आहे.

रविवारी सगळा गाव जमला. मामा बाई होतो त्या दिवशी बाया पुरुष होतात, म्हणून बायकांनी नवऱ्यांची पिसं डोक्यात खोवली, चेहऱ्याला चुना फासला, ब्लांदिना तर काजळीची मिशी रंगवून छाती पुढे काढून पुरुषासारखी चालत होती. मामा मामीचा जुना घागरा नेसून आला. सत्तरीचा माणूस, आजारातून उठलेला, चिखलात हातापायांवर रांगत, मधेच पडत, बारीक आवाजात रडत, "माझी भाची कुठाय गं, माझी गुणाची भाची कुठाय?" पोरं हसून लोळत होती. तो माझ्या पायांपाशी आला. माझ्या नडगीला त्याचा हात लागला आणि मी म्हटलं, "मामा, थांब. उठ. मला शिवू नकोस."

मग मी सगळ्यांना सांगितलं. तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे माझ्या हातचं राहील. म्हटलं, तण तेक्लानं आणलं नाही, मी आणलं. त्या डिसेंबरात मी तिला अंगोरामहून आणायला गेले होते. तिच्या मांडीवर शाळेचं बक्षीस होतं, लाल कागदात गुंडाळलेलं. होडीतला जो तो तिला ते उघडून दाखवायला सांगत होता, आणि माझी धुरावलेल्या माशांची टोपली सगळ्यांच्या पायांत येत होती. मलाही वाटलं, गावात कुणी पाहिलं नाही असं काहीतरी मीही न्यावं. धक्क्यामागच्या डबक्यात ते तरंगत होतं, हिरवंगार, लुसलुशीत. मी ते ओंजळीनं काढून टोपलीत झाकून आणलं आणि घराखाली आईच्या मडक्यात ठेवलं. पुरानं मडकं उचललं. पुढे लोक विचारायला लागले, हे कुणी आणलं, आणि कुणीतरी म्हणालं, नवीन काही आणते ती तेक्लाच. मी मान हलवली. एवढंच केलं. मान हलवली आणि तुम्ही तिला काठीनं बडवत नेलं, आणि आई मेली तेव्हाही तिला येता आलं नाही.

 ब्लांदिनाची मिशी तशीच होती. मग तिनं हातातलं नारळाचं करवंट मला फेकून मारलं, खांद्याला लागलं, अजून दुखतंय. कुणीतरी ओरडलं, हिलाही नदीपर्यंत पोचवा. म्हाताऱ्यांनी दंड म्हणून एक डुक्कर लावलं आहे. ते मी देईन.

मामा चिखलात बसूनच होता, घागरा पोटावर घेऊन. तिथूनच त्यानं विचारलं, "हे तू आधी कुणाला सांगितलं होतंस?"

"नाही."

"लीनुसला?"

"नाही."

"चर्चमध्ये, फादरच्या कानात?"

"तिथेही नाही, मामा."

"म्हणजे हे आयुष्यात पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

तो उठला. घागऱ्याची नाडी आवळली, माझ्यासमोर आला, आणि धपकन चिखलात पडून लोळायला लागला. रडत होता की ओरडत होता, कळेना. "माझ्या भाचीनं पहिल्यांदा खरं सांगितलं हो! अडतीस वर्षांत पहिल्यांदा!" कुणी हसलं नाही. मग ब्लांदिनाच फिस्सकन हसली, तोंडावर हात ठेवून, आणि मग बाकीचे. एकोणचाळीस, मी म्हटलं, मला एकोणचाळीसावं लागलं. मग मीही रडले.

तुला सगळं ठाऊक होतं. होडीत तू माझ्या शेजारी बसली होतीस. टोपलीवरचं पान बाजूला करून तूच म्हणालीस, "ताई, किती सुंदर आहे गं हे." काठ्या खाताना तू माझ्याकडे पाहिलंस आणि एक शब्द बोलली नाहीस, आणि नऊ वर्षं बोलली नाहीस. तुझ्या शाळेचा मला हेवा वाटला, फोटोचा वाटला, मामाचा वाटला. पण या गोष्टीचा वाटतो तेवढा कशाचाच वाटत नाही. मला हे जमलं नसतं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

आता ये. दवाखान्यापासून आपल्या घरापर्यंत मोटरहोडी सरळ येते, कुठे उतरावं लागत नाही. फोटो मामानं पुरुषांच्या घरातून काढून आणून माझ्या घरात लावला आहे, म्हणाला, तू इथे बघत बस हिच्याकडे.

आणखी एक. माझ्यासाठी त्यानं मामीचा घागरा काढला. जुना होता, पण धुतलेला होता, मी बघितलं. आजीचा तो फाटका, काजळलेला घागरा चुलीवरच्या फळीवर तसाच आहे. मी विचारलं, हा का नाही काढलास? तर म्हणतो, "तो तेक्लाचा आहे." एवढं सगळं होऊनही! तेव्हा ईस्टरच्या आत ये. उशीर केलास तर तो मी चुलीत घालीन, आणि या वेळी लगेच कबूलही करीन.

तुझी ताई,
आपोलोनिया